पोट्टीच्या नावाचा कोंबडा

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. वर जाऊन, बी.एस्सी. होऊन, फर्स्ट क्लास घेऊन खाली उतरलेलीही मीच पहिली. हे मी कुठंही सांगते. लोकांना वाटतं, बाई जरा मिरवते. मिरवते तर मिरवते. ज्यांच्या घरी आजोबांपासूनच्या पदव्या भिंतीवर टांगलेल्या आहेत त्यांनी खुशाल साधं राहावं. आमच्या भिंतीवर एकच आहे आणि तिची काच आई स्वतःच्या पदरानं पुसते.

या पदवीपायी आईचा चहा गेला.

झालं असं की मला ॲडमिशन मिळाली त्या दिवशी आई तात्यापाऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांना कुलूप लावून थेट गावाबाहेर गेली. तिथं तलावाच्या पाळीवर एक देवी आहे. देऊळ म्हणावं असं काही नाही, चौथरा, शेंदूर आणि वर कडुनिंब. आमचे पूर्वज भोसल्यांच्या राज्यात इकडं छत्तीसगढात आले, त्यांची कुलदेवता तिकडं विदर्भातच राहिली. मग इथल्या देवीलाच त्यांनी आपली मानलं, असं घरात सांगतात. आईनं तिला हात जोडले आणि म्हणाली, “पोट्टी ग्रॅज्युएट झाली का तुले लाल कोंबडा देईन. तोवर माझा चहा बंद.”

चहाच का? तर सोडण्यासारखं तिच्याजवळ तेवढंच होतं. सोनं नव्हतं, शौक नव्हता. चहा होता. सकाळचा, दहाचा, चारचा, कोणी आलं तर त्याच्यासोबतचा, आणि कोणी आलं नाही म्हणून एकटीचा. तो तिनं सोडला. पण घरातल्यांचा चहा तीच करत राहिली. गाळताना पातेल्यावर जरा जास्त वाकायची. वाफ घेणं नवसात मोडत नाही, असं तिनं तिचं तिचं ठरवून टाकलं होतं.

मी पास झाले. आई म्हणाली, आता कोंबडा. आणि मी, ताजी ताजी सायन्सवाली, म्हटलं, “पेपर मी लिहिले. कोंबड्याचा काय संबंध? माझ्या मार्कांसाठी कोणाचा गळा कापायचा नाही.”

“बरं,” आई म्हणाली, “मग चहा बी नाही.”

अशी आमची गाडी अडली. माझं तत्त्व एका बाजूला, तिचा चहा दुसऱ्या बाजूला. पुढं नोकरी लागली, शंकर नगरात ऑफिस, बाबांचं ऑपरेशन, मग घर बदललं. तत्त्व कधीच ढिलं पडलं होतं, पण कोंबड्याला मुहूर्त लागेना.

यात माझ्या मामानं मध्यस्थी केली. मामा तात्यापाऱ्यातच राहतो, कापडाचं दुकान आहे, मनाचा वाईट नाही, फक्त तोंडाला चाळणी नाही. म्हणाला, “ताई, कायले जीव जाळून राहिली? पोट्टीसाठी नारळ चालते. कोंबडा पोट्ट्यासाठी असते.”

आईनं त्याच्याकडं असं पाहिलं की त्यानं हातातला लाडू परत ताटलीत ठेवला. “मी कोंबडा बोलली होती,” ती म्हणाली. “देवीनं ऐकलं तेव्हा पोट्टा का पोट्टी, असं विचारलं नाही.”

त्यानंतर काही दिवसांनी मामाचा पोट्टा, अडखळत, धडपडत, एका विषयात ग्रेस घेऊन एकदाचा बी.कॉम. झाला. मामानं आठवड्याच्या आत कोंबडा दिला आणि सगळ्या नातलगांना जेवायला बोलावलं. आई गेली. दोन वाट्या रस्सा मुकाट प्यायली. घरी येऊन चप्पल काढता काढता म्हणाली, “त्याच्या ग्रेसले कोंबडा अन् माझ्या फर्स्ट क्लासले नारळ? येत्या मंगळवारी द्यायचा.”

मी हो म्हटलं. आईच्या हातात चहाचा कप दिसावा, एवढंच मला पाहिजे होतं. त्यासाठी देवी, विज्ञान, कोंबडा, कोणाशीही तडजोड करायला मी तयार होते.

अडचण अशी की आता आम्ही समता कॉलोनीत राहतो, वरच्या मजल्यावर, आणि खाली घरमालकीण आंटी जैन आहेत. घर देताना त्यांनी एकच अट सांगितली होती. मांस नाही, मच्छी नाही, अंडं नाही, अंड्याचा केकसुद्धा नाही. आम्ही मान्य केलं होतं आणि पाळतही होतो. बाबांना फारच आठवण आली की ते मामाकडं “तब्येत पाहायला” जातात.

आई आठवडी बाजारातून कोंबडा घेऊन आली, कापडी पिशवीत, मुंडकं बाहेर. जिन्यातच आंटी भेटल्या.

“भाभी, यह क्या है?”

“मुर्गा है,” आई म्हणाली. दुसरं काय म्हणणार? कोंबडा तर स्वतःच आंटीकडं एका डोळ्यानं पाहत होता.

“मेरे घर में नॉनव्हेज?”

“जिंदा आहे न, भाभी.”

आंटी थबकल्या. हा मुद्दा त्यांच्या अटीत नव्हता. त्यांनी बराच विचार केला, कोंबड्यालाही निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, “जिंदा है तब तक तो... व्हेज है.”

“मंगलवार तक ही है.”

“फिर?”

“फिर देवी के पास. यहाँ कुछ नहीं करना.”

आंटींनी डोळे मिटले, काहीतरी पुटपुटल्या आणि बाजूला झाल्या. एवढ्या प्रामाणिक भाडेकरूला काय म्हणावं, हे त्यांना सुचलं नसावं.

मंगळवार यायच्या आधीच नागपूरहून फोन आला. बाबांच्या चुलत्यांपैकी कोणी म्हातारे गेले होते. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण सुतक पाहिलेल्या न पाहिलेल्याचं सारखंच असतं. सुतकात देवीचं काम नाही. कोंबड्याला मुक्काम वाढवून मिळाला. त्या अनोळखी आजोबांनी मरता मरता एका जीवाचं भलं केलं आणि आईचा चहा आणखी पुढं ढकलला.

गच्चीवर आमच्या जुन्या कूलरचा पत्र्याचा सांगाडा पडला होता, त्याची जाळी नीट करून कोंबड्याची खोली झाली. आणि मग ती गच्ची म्हणजे एक सभाच होऊन बसली.

आंटी रोज सकाळी पक्ष्यांना ज्वारी टाकायला वर यायच्याच. आता कबुतरांच्या वाटणीत कोंबडाही आला. त्या त्याला फक्त “जीव” म्हणायच्या. “भाभी, जीव ने पानी पिया?” एकदा त्यांच्यादेखत जीवानं एक मोठं झुरळ धरून गिळलं. आंटींनी ज्वारीची वाटी खाली ठेवली. मग म्हणाल्या, “उसको ज्ञान नहीं है, बेचारे को.” आणि माझ्याकडं पाहून, “जिनको ज्ञान है, वो तो सोचें.” मी गच्चीवरचे कपडे गोळा करायला लागले. ते अजून ओलेच होते.

शेजारच्या घरातले चचा वीज खात्यातून रिटायर झालेले, नमाजी माणूस. आमच्या दोन्ही गच्च्यांच्या मध्ये कमरेएवढी भिंत आहे. तिच्यावर कोपरं टेकवून ते कोंबड्याला “मियाँ” म्हणून हाक मारायचे. त्यांच्या लहानपणी घरी कोंबड्या होत्या, त्यामुळं त्यांना यातलं सगळं समजायचं. आईच्या डोक्यात एक दिवस आलं की मामाच्या हाताला सफाई नाही, चचांनाच विचारावं.

“भाभी, मैं कर तो दूँ,” चचा अवघडून म्हणाले, “पर मैं तो अल्लाह का नाम लेके करूँगा. फिर आपकी देवी हिसाब में लेगी क्या?”

आई विचारात पडली. “अन् देवी का नाम लेके?”

“तो मैं गया काम से.”

दोघंही हसले. कोणीच कोणाचं मन मोडलं नाही आणि काम मामाकडंच राहिलं.

समोर आटाचक्की आहे, तिचे मालक कबीरपंथी. गळ्यात कंठी, अंगावर कायम पिठाची भुकटी, बोलणं छत्तीसगढीतलं आणि मऊ. आम्ही त्यांना भैया म्हणतो. दळणाचा डबा द्यायला ते कधी स्वतः वर यायचे. कोंबड्याला त्यांनी “पहुना” नाव ठेवलं होतं, म्हणजे पाहुणा. एकदा आईला म्हणाले, “बहिनी, देवी ला देना हे त अपन कुछू देव. दूसर के परान काबर?” म्हणजे दुसऱ्याचा प्राण कशाला.

“मी दिला न भैया,” आई म्हणाली. “चहा दिला. इतकी वर्षं दिला.”

भैया डबा हातात घेऊन उभेच राहिले. मग “हव, एहू बात सही हे,” म्हणाले आणि जिना उतरले. अर्ध्यावरून परत वर आले, म्हणाले, “तभो ले... काबर?” आणि पुन्हा उतरले.

बाबांना यातलं काही नाही. बाबांचा देव, धर्म, पंथ सगळं चहा. पण आईसमोर बसून चहा पिणं त्यांना जमायचं नाही, म्हणून ते कप घेऊन गच्चीवर जायचे. आता तिथं सोबत झाली. त्याला ते “पार्टनर” म्हणायचे. आई त्याला “देवीचा” म्हणायची, नाव ठेवू द्यायची नाही. मी कोंबडाच म्हणायचे. एवढं सायन्स माझ्यात उरलं होतं.

मला या सगळ्यांचं नवल वाटायचं. कॉलेजात आम्हांला शिकवलं होतं की आधी पुरावा पाहायचा, मग निष्कर्ष काढायचा. आमच्या गच्चीवर प्रत्येकाचा निष्कर्ष आधीच पक्का होता. कारणं तेवढी ज्याच्या त्याच्या घरून डब्यात आणलेली. आणि मी स्वतः? मला आईचा चहा पाहिजे होता, आणि त्यासाठी लागतील ती कारणं मी दोन्ही बाजूंची देऊ शकत होते. शिक्षणाचा एवढा फायदा असतो.

सुतक फिटलं. मंगळवार ठरला. आदल्या दिवशी संध्याकाळी आईनं गच्चीवर सगळ्यांना रीत समजावून सांगितली. देवीपुढं कोंबड्याला नुसतं उभं करून चालत नाही. बैगा, म्हणजे तिथला पुजारी, त्याच्यासमोर तांदूळ टाकतो. कोंबड्यानं टिपले, तर देवीनं पत्करला. नाही टिपले, तर देवीला नको.

“अन् नहीं टिपे तो?” आंटींनी विचारलं. इतक्या सहज विचारलं की मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

“टिपते नं. काहून नाही टिपणार?” आई म्हणाली आणि आवाज खाली आणून पुढं म्हणाली, “आज रात से इसको दाना बंद. भूखा रहा तो बराबर टिपेगा.”

मी म्हटलं, “आई, मग तो देवीचा कौल कसा? ती तर भूक झाली.”

“तू चूप राय. तुह्यावाली बी.एस्सी. तिकडं ठेव.”

सकाळी कोंबडा कूलरच्या जाळीमागून ओरडत होता. नेहमीची बांग नव्हती ती, तक्रार होती. आई देवीची ओटी भरण्यात, मी ऑफिसला सुट्टी टाकल्याचा मेसेज लिहिण्यात. वर कोण गेलं, कोण आलं, कोणी पाहिलं नाही.

दुपारी मामा आला. एका हातात सुरी गुंडाळलेलं फडकं आणि दुसऱ्या हातात स्टीलचा डबा. डब्यात मामीनं पहाटे उठून वाटलेला मसाला. आलं, लसूण, खोबरं, खसखस, सगळं. डबा बंद होता तरी जिना दरवळला. खाली आंटींनी खिडक्या लावून घेतल्या.

आम्ही चौघं आणि कोंबडा ऑटोनं निघालो. तलावाला पाणी कमी होतं, पण पाळीवर सावली होती. बैगा म्हातारा, कमी बोलणारा. त्यानं कोंबड्याचे पाय धुतले, डोक्याला कुंकू लावलं आणि समोर तांदूळ टाकले.

कोंबड्यानं तांदळाकडं पाहिलं. मग तलावाकडं पाहिलं. मग आईकडं.

“खा नं बापा,” आई कुजबुजली.

बैगानं आणखी तांदूळ टाकले, जरा जवळ. कोंबडा एक पाऊल मागं सरला. तिसऱ्यांदा बैगानं तळहातावर धरून त्याच्या चोचीला लावले. कोंबड्यानं मान फिरवली, पंख जरा सैल सोडले, आणि देवीपुढं ऐसपैस बसून डोळे मिटून घेतले. भरपेट जेवलेला माणूस पंगतीतच पेंगतो ना, तसा.

“नइ लेवत हे,” बैगा म्हणाला. “देवी के मन.” आणि तांदूळ गोळा करायला लागला.

 बोलायला मामा होताच. “मी म्हणत नव्हतो, ताई? पोट्टीचा कोंबडा देवी घेत नाही. नारळ आणला असता त काम झालं असतं.”

  आईनं कोंबडा पिशवीत घातला, पिशवी छातीशी धरली आणि ऑटोत जाऊन बसली. सगळ्या रस्त्यानं ती बाहेर पाहत होती. मला तेव्हा कळलं, तिच्या दृष्टीनं आता चहा गेला तो गेलाच. आणि चहापेक्षा मोठं काहीतरी गेलं होतं. मामा बरोबर ठरला होता, तोही देवीच्या साक्षीनं. मला मामाच्या मांडीवरचा तो डबा उचलून तलावात फेकावासा वाटला. पण मसाल्याचा वास खरंच चांगला होता.

फाटकात आंटी उभ्याच होत्या. पिशवीतून लाल मुंडकं बाहेर आलेलं पाहून त्यांनी दोन्ही हात जोडले. कोंबड्याला की आईला, सांगता येत नाही.

“वापस आ गया! जीव वापस आ गया!”

आवाज ऐकून चचा बाहेर आले, समोरून भैया हात झटकत आले. आई जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली आणि तिनं सगळं सांगितलं. मामानं मधे मधे नारळ घातला.

चचा ऐकत ऐकत कोंबड्याला पिशवीतून काढत होते. त्यांनी सवयीनं त्याच्या गळ्याखाली, छातीवर हात फिरवला. कोंबड्याची दाण्याची थैली असते तिथं. आणि ते थांबले. पुन्हा चाचपून पाहिलं.

“भाभी, यह भूखा था?”

“काल संध्याकाळपासून.”

“इसमें तो बोरी भरी है!” चचा म्हणाले. मग त्यांचा चेहरा बदलला. “मैंने तो... बस आधी रोटी दी थी. भिगोके.”

“तुम्ही दिली?” आई ताडकन उठली.

“भाभी, हमारे यहाँ हुक्म है. जानवर को भूखा-प्यासा नहीं ले जाते. सुबह चिल्ला रहा था, मुझसे रहा नहीं गया. आधी रोटी, खुदा कसम. यह आधी रोटी नहीं है.” आणि त्यांनी भैयाकडं पाहिलं.

भैयांनी कंठीला हात लावला. “एक मुठा कनकी,” ते हळूच म्हणाले. कनकी म्हणजे तांदळाची चुरी. “पहुना ला भूखे पेट बिदा नइ करंय, बहिनी.”

“तांदूळच दिले!” आई म्हणाली. “देवीच्या आधी तुम्हीच तांदूळ टाकले!”

मग सगळ्यांनी आंटींकडं पाहिलं. आंटी ताठ उभ्या होत्या. “मैंने रोका किसी को नहीं. झूठ बोला नहीं. मैं रोज़ ज्वारी डालती हूँ, आज भी डाली.” थोड्या थांबून म्हणाल्या, “आज थोड़ी ज़्यादा डाली. और बाजरा भी. और थोड़ी मूँग.”

“भाभी!” आईचा आवाज चढला. “तुमको तो रीत बताई थी. जान के किया! यह बेईमानी है. देवी को जवाब देने नहीं दिया तुमने.”

आंटी एक पाऊल पुढं आल्या. “और आप भूखा रखो तो? वो देवी की मर्ज़ी? आप भूखा रखके हाँ बुलवाओ तो धर्म, मैं खिलाके ना बुलवाऊँ तो बेईमानी?”

मी आदल्या संध्याकाळी बोलले होते तेच आंटी बोलत होत्या, पण मला जमलं नव्हतं ते त्यांना जमलं. आई पुन्हा पायरीवर बसली. मामा म्हणाला, “म्हणजे देवीले विचारलंच नाही कोणी.” आणि आयुष्यात पहिल्यांदा मामा बरोबर बोलला असं मला वाटलं.

तेवढ्यात बाबा खाकरले.

बाबा इतका वेळ ऑटोवाल्याला वाटेला लावून फाटकाशी उभे होते. “मी बी...” ते म्हणाले.

“तुम्ही काय?”

“बिस्किटं. दोन. सकाळच्या चहासंग.”

“देवीच्या कोंबड्याले बिस्किटं?”

“कोरडी खात नाही तो,” बाबा अगदी खाली पाहून म्हणाले. “बुडवून द्या लागते. चहात. मग कपातला उरलेला चहा तोच संपवते. रोजचं आहे आमचं.”

आई उठून उभी राहिली. मला वाटलं आता बाबांचं काही खरं नाही.  आई बाबांकडं पाहत राहिली, मग कोंबड्याकडं, मग पुन्हा बाबांकडं.

“चहा पेते तो?”

“हो.”

“रोज?”

“आला तेव्हापासून.”

“देवीच्या नावाचा जीव,” आई सावकाश म्हणाली, एकेक शब्द ठेवत, जसा तराजूत ठेवतात, “माझ्याच घरात बसून, माझ्याच हातचा चहा रोज पेऊन राहिला?” आणि तिचा चेहरा असा उजळला की मी तो शब्दांत सांगू शकत नाही. “मी तिच्यासाठी चहा सोडला. तिनं आपला जीव पाठवून तोच चहा घेतला. म्हणजे पोचला नं तिले! अजून काय पोचायचं राहिलं? म्हणूनच त तिथं तांदूळ नाही खाल्ले. ती तर माझ्या घरी पाहुणचार घेऊन बसली होती!”

मी तोंड उघडलं. बाबांनी माझा हात दाबला. मी तोंड मिटलं.

“पण ताई,” मामा म्हणाला, “कोंबडा त राहिला. नवस कोंबड्याचा होता. पोट्टीचा म्हणून—”

“पोट्टीचा म्हणून!” आई त्याच्याकडं वळली. “तुह्या पोट्ट्याचा कोंबडा कुठं आहे आता?”

मामाला प्रश्न समजला नाही. “कुठं म्हणजे? खाल्ला नं आपण.”

“माझ्या पोट्टीचा पाह्य बरं. उभा आहे. देवीनं ठेवून घेतला. माझ्याजवळच ठेवला.” तिनं चचांच्या हातून कोंबडा घेतला. “देवी काय घेते अन् काय ठेवते, ते मले नको सांगू.”

 आंटी म्हणाल्या, “बिलकुल सही.” चचा म्हणाले, “ऊपरवाले के काम.” भैया म्हणाले, “हव.” या तिघांचं एका वाक्यावर एकमत झालेलं मी तेव्हाच पाहिलं, आणि तिघांनीही ते आपापल्या कारणानं दिलं होतं. मसाल्याचा डबा चचांनी ठेवून घेतला. “मसाले का क्या कसूर,” म्हणाले. मामाला त्यांनी रविवारी जेवायला यायचं आमंत्रण दिलं तेव्हा कुठं मामाचा रंग परतला.

आई सगळ्यांना वर घेऊन गेली. चहा टाकला. आंटी सूर्यास्तानंतर तोंडात काही घालत नाहीत, म्हणून घाई होती. गाळताना आई या वेळी पातेल्यावर वाकली नाही. सरळ उभी राहून गाळला. सगळ्यांना कप दिले आणि एक कप स्वतःसाठी भरला. काचेच्या कपाटातून काढलेला, बशीवाला.

आम्ही सगळे तिच्याकडं पाहत होतो. कोंबडासुद्धा दारातून. तिनं बशीत ओतला, फुंकर मारली, घोट घेतला.

आणि तोंड वाकडं केलं.

“हे काय आहे?”

“चहा,” बाबा म्हणाले.

“हा चहा आहे? हा त पाक आहे! एवढी साखर कोणी टाकली?”

 साखर तिनंच टाकली होती. इतकी वर्षं ती चव न घेता अंदाजानं टाकत आली होती, आणि अंदाज वर्षावर्षाला चढत गेला होता.

“असाच करते का मी?” तिनं विचारलं. “रोज?”

बाबा कपात पाहू लागले. भैया म्हणाले, “थोरकुन... मीठ रहिथे, बहिनी.” म्हणजे थोडासा गोड असतो. चचा म्हणाले, “हमको तो शक्कर की बीमारी है भाभी, आप प्यार से देती थीं, मैं मना कैसे करता.” आंटींनी आज सगळंच कबूल करायचा दिवस आहे असं ठरवलं असावं. “मैं तो कभी-कभी,” त्या म्हणाल्या, “तुलसी के बाजूवाले गमले में...”

“अन् तू?” आईनं मला विचारलं. “तू त खरं बोलते म्हणते सगळीकडं.”

“मी ऑफिसात पिते,” मी म्हटलं.

“तुम्ही सांगितलं काहून नाही?” हे बाबांना.

बाबा म्हणाले, “तू सोडून बसली होती. सोडलेल्याच्या हातच्या चहाले वाईट कसं म्हणा?”

आई त्यांच्याकडं बघत राहिली. मग तिनं सगळ्यांच्या हातातले कप एकेक करून परत घेतले, मोरीत ओतले आणि पातेलं घासायला घेतलं. “थांबा,” म्हणाली, “आता करते.”

आंटी चुळबुळल्या. “भाभी, पर सूरज...”

“बसा तुम्ही,” आई म्हणाली. तिनं आधण ठेवलं, स्वयंपाकघराची खिडकी पूर्ण उघडली आणि चक्कीच्या पत्र्याआड उतरणाऱ्या सूर्यावर एक डोळा ठेवून दुसऱ्या डोळ्यानं साखर मोजली. “अजून आहे. मी पाहून राहिली.”